शंभर अणूंचा एक

संध्या पाईकराव कळमनुरीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागली ती शहाण्णव साली. हिंगोलीचा जिल्हा व्हायला अजून तीन वर्षं होती. रोज सकाळी ती हिंगोलीहून सात वीसची एसटी धरायची आणि दुपारी तीनच्या गाडीने परत यायची. गाडीत कितीही गर्दी असली तरी तिला बसायला जागा मिळायची, कारण निम्मे ड्रायव्हर-कंडक्टर तिला 'कोंडीबा मिस्त्रीची पोरगी' म्हणूनच ओळखत. तिचे वडील हिंगोलीच्याच डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरचं काय बिनसलंय ते बॉनेट न उघडता सांगायचे.

घरात एम.एस्सी. झालेली ती पहिलीच. नोकरी कायम झाली, तेव्हा तिची आई केशरबाई म्हणाली, आता लगीन. संध्या म्हणाली, आता पीएच.डी. कोंडीबा लेकीच्या बाजूने उभे राहिले आणि तो विषय तिथेच थांबला. मग तो दर वर्षी उन्हाळ्यात तेवढा निघायचा.

दोन हजार एकच्या मे महिन्यात प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात तिने एक व्याख्यान ऐकलं. विषय होता क्वांटम कॉम्प्युटर. बाकीची मंडळी जेवणाच्या वेळेची वाट बघत होती. संध्या मात्र व्याख्यान संपल्यावर वक्त्याच्या मागे मागे गेली आणि त्यांच्याकडच्या एका परदेशी लेखाची झेरॉक्स घेऊनच परतली. चारच पानं होती. पुढचे दोन महिने ती तीच चार पानं वाचत होती.

एका संध्याकाळी कोंडीबांनी विचारलं, "काय हाय गं ह्या कागदात? येवढं काय वाचून राहिली?"

केशरबाई दारात सुपात तूर पाखडत होती. संध्याने सुपातले दोन दाणे उचलून वडिलांच्या तळहातावर ठेवले.

"बाबा, आपला कॉलेजातला कॉम्प्युटर हाय ना, त्याच्यात सगळा हिशेब हा दाणा नाहीतर तो, शून्य नाहीतर एक, असा चालतो. हा नवीन कॉम्प्युटर आहे, अजून कुणी पुरता बांधला न्हाई, त्याच्यात एकाच वेळी शून्य पण आणि एक पण, दोन्ही राहतात. तसं ज्याच्यात राहतं त्याला क्युबिट म्हणतात. काही लोक एकेक अणू धरून त्याचा क्युबिट करायला बघतात."

"एक अणू? धरायचा कसा?"

"तेच तर. लेसरने थंड करतात, उजेडातच पकडून ठेवतात. पण एकटा अणू लवकर निसटतो. म्हणून ह्या लोकांनी काय केलं, विजेचा भार नसलेले अणू घेतले. त्यांना एकमेकांचं काही देणंघेणं नसतं, म्हणून जवळ जवळ राहतात. शंभर-सव्वाशे अणूंचा बारका ढग करायचा आणि त्यावर असा उजेड टाकायचा की त्यातला एकच अणू वरच्या पायरीवर जाईल. तो वर गेला की इतका फुगतो की आजूबाजूच्या कुणालाच वर जाता येत न्हाई. पण वर कोणता गेला ते कुणाला सांगता येत न्हाई. सगळ्यांनी मिळून एक वर गेल्यासारखं. म्हंजे शंभर अणूंचा मिळून एक क्युबिट."

कोंडीबांनी तळहातावरचे दाणे बराच वेळ पाहिले. "मंग अडलं कुठं?"

संध्याला हसू आलं. वडिलांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. अडलं होतं ते मोजण्यात. ढगात अणू जास्त असले की तो वर जातो त्याचा वेगही वाढतो. शंभर अणू असले तर एकट्या अणूच्या दहापट, एकशेएकवीस असले तर अकरापट. आणि ढग दर वेळी नवा करावा लागतो, त्यात नक्की किती अणू आले ते कळायला मार्ग नाही. उजेड किती वेळ द्यायचा ते आधीच ठरवलं तर एकदा कमी पडतो, एकदा जास्त होतो. अणूंची संख्या माहीत नसताना क्युबिट बरोबर चालवायचा कसा, हा प्रश्न तिने आपल्या पीएच.डी.साठी घेतला.

तिचे मार्गदर्शक देवसरकर सर विद्यापीठात होते. त्यांचा स्वतःचा विषय वेगळा होता. पण माणूस मोकळा होता. म्हणाले, "मला यातलं फारसं समजत नाही, संध्या. लेसर तर आपल्याकडे नाहीच. कागदावर जे होईल ते कर. मी सह्या करीन."

आणि खरंच, तीन वर्षं तिने कागदावरच काम केलं. कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये तीन मशीन होती. प्रॅक्टिकल नसलेल्या तासाला त्यातलं खिडकीजवळचं तिचं. प्रोग्राम चालू असताना वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. लोडशेडिंगचं वेळापत्रक तिने टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. विद्युत मंडळ ते क्वचितच पाळायचं. केमिस्ट्रीच्या मंजुषा मॅडम तिला म्हणायच्या, "तू भलतंच घेऊन बसलीस बाई. माझ्यासारखं हळदीतला रंग काढायचा विषय घेतला असतास तर एव्हाना मोकळी झाली असतीस."

दोन हजार चारच्या दिवाळीच्या सुट्टीत तिला वाट सापडली. उजेडाचा धक्का मोजून द्यायचाच नाही. उजेडाची वारंवारता खालून वर हळूहळू सरकवत न्यायची. मग ढग चढावर चढावा तसा आपोआप वरच्या पायरीवर जातो. शंभर अणू असोत की दीडशे, पोचतोच. तिने ऐंशी अणूंपासून दोनशे अणूंपर्यंत आकडे घालून पाहिले. दर वेळी उत्तर एकच येत होतं. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ढग वर.

यावर तिने निबंध लिहिला. देवसरकर सरांनी तो हैदराबादच्या एका परिसंवादात तिला वाचायला लावला. तिथल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने भर सभेत उभं राहून विचारलं की हे काम कुठल्या संस्थेत झालं. कळमनुरी, असं तिने सांगितल्यावर त्यांनी ते नाव पुन्हा एकदा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. निबंध एका चांगल्या नियतकालिकाकडे गेला. जानेवारीत त्यांचं पत्र आलं की किरकोळ दुरुस्त्या करून पाठवा, छापतो.

मग सव्वीस जानेवारीला हिंगोलीत सत्कार झाला. वस्तीतल्या विहाराच्या पटांगणात मांडव पडला. स्थानिक पेपरात फोटो आला, 'हिंगोलीच्या लेकीचा जागतिक शोध'. फोटोत संध्याच्या खांद्यावर शाल होती आणि तिच्याशेजारी कोंडीबा पांढरा सदरा घालून ताठ उभे होते. भाषण करायला सांगितलं तर ते एवढंच बोलले, "माझ्या पोरीनं ज्या गोष्टीला हात घातला ती मला समजत न्हाई. पण तिनं ती बराबर केली आसल."

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर कोंडीबा म्हणाले, "लोकं इचारतात, तुझ्या पोरीनं काय शोधलं. मला सांगता येत न्हाई. एकदा नीट सांग."

संध्याने त्यांच्या भाषेत सांगितलं. "समजा चढाव आहे. वर गाव आहे. गाडीत माणसं किती बसली ते आपल्याला माहीत न्हाई. पहिले लोक काय करायचे, गाडीला खालूनच एक जोराचा धक्का द्यायचे. माणसं कमी भरली की गाडी गावाच्या पुढे, जास्त भरली की अलीकडेच. मी म्हणते, धक्का देऊ नका. गिअरमध्ये टाकून हळूहळू चढवा. पन्नास माणसं असू द्या न्हाईतर सत्तर, ठरल्या वेळी गावात पोचते."

"व्हय, हे बराबर हाय," कोंडीबा म्हणाले. मग दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "पण सत्तर माणसं आसली तं गाडी खालच्या गिअरला चढल. इंजिनाच्या चकरा जास्त व्हतील. पन्नास आसली तं कमी. गाडी गावात पोचली हे खरं, पण वर थांबल्यावर इंजिनातली फिरती क्रँक कुठं उभी राहील, ते दर येळी सारखं कसं राहील?"

संध्या ताटं उचलत होती, ती तिने परत खाली ठेवली.

"तुमच्यात क्रँक नसल," कोंडीबा घाईने म्हणाले. "म्या आपलं इंजिनाचं बोललो."

"आहे," संध्या म्हणाली. "आमच्यात पण आहे, बाबा."

फिरत फिरत ती कुठल्या कोनावर थांबली, त्याला फेज म्हणतात. ढग वरच्या पायरीवर पोचला की नाही एवढंच पाहायचं असेल तर फेजचं काम नाही. पण क्युबिटमध्ये शून्य आणि एक दोन्ही एकाच वेळी राहतात, आणि ते एकमेकांशी कसे जुळतात हे सगळं त्या फेजवरच ठरतं. तीच हुकली तर क्युबिटचा साधा नाण्याचा छापा-काटा होतो. संध्याला हे माहीत होतं. कुठल्याही एम.एस्सी.च्या पोराला माहीत असतं. पण तिच्या प्रोग्राममध्ये शेवटच्या ओळीत उत्तराचा वर्ग केलेला होता, कारण ढग वर पोचण्याची शक्यता वर्ग करूनच मिळते. आणि वर्ग केला की फेज पुसून जाते. तीन वर्षं ती दर वेळी ती स्वतःच्या हाताने पुसत आली होती.

सोमवारी ती कॉलेजात गेली, वर्गाची ओळ काढली आणि प्रोग्राम चालवला. त्या दिवशी वीज गेली नाही. शंभर अणूंना फेज एक होती, एकशेएकला दुसरी, एकशेदोनला तिसरीच. पडद्यावर आकडे खाली सरकत होते आणि त्यांतले कोणतेही दोन सारखे नव्हते. तिने आणखी दोनदा चालवून पाहिलं. मग बारा वाजताचा तास होता, तो घेतला.

बुधवारी ती विद्यापीठात गेली. देवसरकर सरांनी सगळं ऐकून घेतलं. उठून दार लोटलं आणि परत बसले.

"हे कोणाच्या लक्षात आलंय?"

"माझ्या, सर."

"आणखी?"

"माझ्या वडिलांच्या."

"वडील काय करतात तुझे?"

"एसटीत मेकॅनिक होते."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ संध्या. चूक नाहीये ही, मर्यादा आहे. शेवटच्या प्रकरणात एक परिच्छेद टाक की फेजचा विचार या प्रबंधात केलेला नाही. शीर्षकातला क्युबिट काढ, 'अणुसमूहाचं उत्तेजन' असं काहीतरी कर. पीएच.डी.ला एवढं पुरतं. मी तेवीस जणांना डॉक्टर केलंय, त्यातल्या वीस जणांच्या कामात यापेक्षा कमी दम होता. पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय. त्यानंतर तुला इथे हा विषय कोणी देणार नाही."

"आणि तो निबंध, सर? तो तर क्युबिटवरच आहे."

"छापून येऊ दे. ज्याला चूक काढायची तो काढेल. काढली तर तेही त्याचं संशोधनच."

सर वाईट नव्हते. नंतरच्या वर्षांत ती पुष्कळदा स्वतःला सांगायची की सर बरोबरच बोलत होते, मधला रस्ता होता आणि तो सरळ होता. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांपुढे पेपरातला फोटो होता आणि मांडवातलं वडिलांचं वाक्य होतं. 'तिनं ती बराबर केली आसल.' तीन दिवस तिने विचार केला. सोमवारी कळमनुरीच्या पोस्टातून रजिस्टर पत्र टाकलं, की निबंधात मूलभूत दोष आहे, कृपया छापू नये. त्याची एक प्रत सरांना.

सरांचा फोन आला नाही. पत्रही नाही. मार्चमध्ये ती प्रगती-अहवालावर सही घ्यायला गेली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझंही नाव होतं त्यावर. एकदा विचारायचं तरी होतंस." आणि सही केली.

गावात कुणाला काही सांगायची गरज नव्हती, पण गोष्ट फुटलीच. पेपराचा तो वार्ताहर कॉलेजात येऊन गेला. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते चार ओळींचं, आतल्या पानावर. ज्यांनी सत्काराला हार आणले होते ते रस्त्यात भेटले की हवापाण्याचं बोलायचे. मंजुषा मॅडमना त्याच वर्षी डॉक्टरेट मिळाली. त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि संध्याच्या हातावर पेढा ठेवताना त्यांना तिच्याकडे बघता आलं नाही.

कोंडीबांना मात्र सांगावंच लागलं. संध्याने शक्य तितकं सौम्य करून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे म्या इचारलं म्हणून."

"तुमी इचारलं नसतं तरी कुणीतरी इचारलंच असतं, बाबा. चूक होती, ती कधीतरी निघणारच होती."

"दुसऱ्यानं काढली आसती तं दुसऱ्यानं काढली आसती," कोंडीबा म्हणाले. "तोवर तू डॉक्टर झाली आसती."

"मला तशी डॉक्टर व्हायचं नव्हतं."

"मला पाहिजे व्हतं," ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

त्यानंतर त्यांनी तिच्या कामाविषयी एक अक्षर विचारलं नाही. ती वही उघडून बसली की ते उठून अंगणात जायचे. पुढे पुढे ती वही उघडण्याआधीच जायचे. एकदा केशरबाई त्यांना म्हणाली, "आवं, बसा की जरा पोरीजवळ. काहून उठता?" तर म्हणाले, "म्या बसलो की माझ्या तोंडातून काहीतरी निघतं."

दोन वर्षं संध्याने फेज सावरायचा प्रयत्न केला. चढाव मंद करून पाहिला, तीव्र करून पाहिला. ढगाचा आकार बदलला. जे जे केलं त्यात फेज थोडी कमी हलायची, पण हलायचीच. नवे लेख कुठे निघत होते ते तिला माहीत होतं, पण कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, आणि नांदेडच्या इंटरनेट कॅफेत गोषवाऱ्याच्या पुढे पान उघडत नव्हतं. हैदराबादच्या त्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांना तिने दोन पत्रं लिहिली. दुसऱ्याचं उत्तर त्यांच्या मुलाकडून आलं, वडील आता नाहीत असं. देवसरकर सर निवृत्त झाले. नोंदणीची मुदत संपली. वाढवून मागायचा अर्ज तिने भरला आणि दिला नाही.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत कोंडीबांना झटका आला. आठ दिवस ते नांदेडच्या दवाखान्यात होते. उजवी बाजू गेली होती, बोलणं अडखळत होतं, पण ऐकू सगळं यायचं. सहाव्या दिवशी संध्या त्यांच्या उशाशी बसली होती. पलंगाजवळ वाकून ती म्हणाली, "बाबा, तुमी इचारलं ते बराबर होतं. असा प्रश्न मला हैदराबादला कुणी इचारला न्हाई. इतकी शिकलेली माणसं होती, कुणी न्हाई." तिला वाटलं होतं याने त्यांना बरं वाटेल. कोंडीबांनी डोळे मिटून घेतले आणि डाव्या हाताने तिला थांबायची खूण केली, पुन्हा पुन्हा, ती गप्प होईपर्यंत. दोन दिवसांनी ते गेले.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात कॉलेजात इंटरनेट आलं. एका मोकळ्या तासाला संध्याने सहज तो विषय टाकून पाहिला आणि एक नवा लेख पूर्ण उघडला. परदेशातल्या चार माणसांचा. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की समूहाला हळूहळू वर नेण्याची पद्धत सोयीची आहे, पण वर पोचताना जमा होणारी फेज अणूंच्या संख्येवर अवलंबून राहते, ही खरी अडचण आहे. पुढे उपाय होता. वर न्यायचं आणि खाली आणायचं, पण या दुसऱ्या, उतरायच्या फेरीत उजेडाची अधिक-उणे चिन्हं उलटी करायची. पहिल्या फेरीत फेज जितकी एका अंगाला फिरते तितकीच दुसरीत उलट्या अंगाला फिरते, आणि अणू कितीही असले तरी शेवटी हिशेब शून्य.

एवढंच होतं. तिने ते कागदावर करून पाहिलं. दहा मिनिटं लागली. दोन वर्षं तिने फेज कमी करायचा प्रयत्न केला होता. ती उलटी फिरवून स्वतःलाच खोडू द्यावी, हे तिला सुचलं नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं, वीज गेली म्हणून राहिलं नव्हतं, कुणी चोरलं नव्हतं. सुचलं नव्हतं, इतकंच. लेखाखालच्या संदर्भांत तिचं नाव नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. तिने कुठे काहीच छापलेलं नव्हतं.

घरी आली तेव्हा केशरबाई वळचणीखाली लाकडं रचत होती. लेकीचा चेहरा पाहून म्हणाली, "काय झालं गं?"

"काही न्हाई, माय."

"तब्येत बराबर हाय ना?"

"व्हय."

केशरबाईने आणखी दोन लाकडं रचली. मग म्हणाली, "सेनगावहून एक माणूस येऊन गेला. बायको वारलीय, दोन लेकरं हायत. झेडपीच्या शाळेत मास्तर हाय. म्या काही बोलले न्हाई. तुला इचारते म्हणले."

संध्या पायरीवर बसली. तिला उत्तर द्यायचं होतं, पण हो म्हणायचं की नाही, यातलं कोणतंच तिला आतून वाटेना. "बघू," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी फिजिक्सला तिघांनीच प्रवेश घेतला आणि संस्थेने तो विषय बंद केला. संध्याची नोकरी कायम असल्यामुळे तिला काहीतरी द्यायलाच हवं होतं, म्हणून सगळ्या शाखांना सक्तीचा असलेला पर्यावरणाचा पेपर तिच्याकडे आला. जुलैच्या पहिल्या सोमवारी ती मोठ्या हॉलमध्ये गेली. एकशेऐंशी मुलं बसली होती. मागच्या बाकांवरची बोलत होती. तिने हजेरी घेतली नाही. पुस्तक उघडलं आणि पहिल्या धड्यातली व्याख्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली. मुलं ती उतरवून घेऊ लागली.